दोषदुरुस्ती

होस्टिंग म्हणजे काय, हे मला इतक्या वेळा सांगावं लागलंय की उत्तर आता तोंडपाठ झालंय. तुमचं दुकान असतं, तशी इंटरनेटवर तुमची वेबसाइट. दुकानाला गाळा लागतो, तसा वेबसाइटलाही लागतो. तो गाळा मी भाड्यानं देते. एवढं सांगितलं की कराडचा माणूस पुढचा प्रश्न विचारतोच, "मग गाळा आहे कुठं?" मी बोटानं वर दाखवते. मंदामावशीच्या बांगड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिथं पूर्वी रिकाम्या पेट्या आणि पेंढा पडलेला असायचा, तिथं माझी सर्व्हरची दोन कपाटं, एक एसी आणि बॅटऱ्यांची रांग आहे. बघायला आलेली माणसं ती कपाटं बघून हिरमुसतात. त्यांना काय दिसायला हवं असतं कुणास ठाऊक.

मी मृणाल वेल्हाळ. पुण्यात एका मोठ्या डेटा सेंटरमध्ये आठ वर्षं काढली. मग यंत्रांवर लक्ष ठेवायला यंत्रंच आली आणि आमची अख्खी पाळी एका दिवसात घरी गेली. मी रडत बसणाऱ्यांतली नाही. कराडला आले, मावशीला म्हटलं, वरचा मजला दे. नाव ठेवलं 'कृष्णाकाठ होस्टिंग'. मावशी म्हणाली, "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा." पण खंडेनवमीला माझ्या आधी तीच हळदकुंकू घेऊन वर आली आणि सर्व्हरच्या पंख्यात चिमूटभर कुंकू उडवून गेली. ते साफ करायला मला अर्धा दिवस लागला.

वेळ मात्र माझ्या बाजूची होती. बड्या कंपन्यांच्या बुद्धियंत्रांनी तोवर जगातल्या निम्म्या डिस्का गिळल्या होत्या. साठवणुकीची जागा महाग झाली, तशा त्या कंपन्यांनी छोट्या वेबसाइटवाल्यांना सरळ निघा म्हणून सांगितलं. खानावळी, शिकवण्या, दातांचे डॉक्टर, सगळे उघड्यावर. ते माझ्याकडे आले. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या कासार समाजाचं वधू-वर मंडळ. सहाशे स्थळं, प्रत्येकाचे चार-पाच फोटो, वर पत्रिका. मंडळाचे अध्यक्ष आप्पा रासने मला म्हणाले, "मृणाल, हे नीट चालव. नीट चाललं तर आणखी आठ जिल्ह्यांची मंडळं तुझ्याकडे आणून देतो." आप्पा शब्दाचा पक्का माणूस. आठ मंडळं आली असती तर माझं बस्तान कायमचं बसलं असतं.

पण डिस्क मलाही महागच होती. म्हणून मी बीजसाठवण घेतली.

बीजसाठवण म्हणजे काय ते जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर आहे. लांबच्या लेकीला पुरणपोळी खायला घालायची तर दोन रस्ते. पोळ्या डब्यात भरून पाठवा, नाहीतर फोनवर कृती सांगा. कृतीला जागा लागत नाही, पण पलीकडे स्वयंपाक येणारं माणूस हवं. बीजसाठवणीत ते माणूस म्हणजे एक यंत्रमेंदू. त्यानं कोट्यवधी फोटो बघितलेले असतात. चेहरा कसा असतो, साडीची घडी कशी पडते, दुपारचं ऊन भिंतीवर कसं दिसतं, हे त्याला मुखोद्गत. म्हणून तुमचा फोटो तो अख्खा ठेवत नाही. सर्वसाधारण चेहऱ्यापेक्षा हा चेहरा कुठं कुठं वेगळा आहे, तेवढाच फरक लिहून ठेवतो आणि मूळ फोटो पुसून टाकतो. कुणी पान उघडलं की त्या फरकावरून फोटो नव्यानं तयार करून दाखवतो. जागा लागते शंभरातला एक भाग.

फरक किती बारीक लिहायचा हे ठरवायला एक आकडा असतो, शून्य ते दहा. शून्यावर सगळं जसंच्या तसं. आकडा वाढवाल तसा तो मेंदू आपली अक्कल चालवायला लागतो. कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ, उन्हाची तिरीप, जुन्या छापील फोटोतला उडालेला रंग, असले दोष तो ओळखतो आणि त्यांचा फरक लिहीतच नाही. या सोयीला दोषदुरुस्ती म्हणतात. मी तीनवर सुरुवात केली होती. मंडळाची सहाशे स्थळं आली तशी डिस्क भरत आली, म्हणून आकडा सातावर नेला. आंधळेपणानं नाही, तपासून नेला. खानावळीचा दरफलक पाहिला, डॉक्टरांचे फोन नंबर पाहिले. मजकूर आणि आकडे तर ते यंत्र काना-मात्रेसकट जपतं. शेवटी माझा स्वतःचा फोटो पाहिला. माझा चेहरा चारचौघींसारखा आहे, त्यात दुरुस्त करण्यासारखं त्याला काही सापडलं नाही.

वैभवीचा फोटो मात्र मी तपासला नाही.

वैभवी म्हणजे मंदामावशीची मुलगी, माझी मावसबहीण, सत्तावीस वर्षांची. खालचं दुकान आता तीच बघते. दहावीत असताना तिच्या ओठांभोवती आणि डाव्या डोळ्याखाली कोड उठलं, मग दोन्ही हातांवर आलं. औषधं झाली, लेप झाले, कुणा बाबाचा अंगारा झाला. एक दिवस तिनंच सगळं बंद केलं. म्हणाली, "दुखत नाही, खुपत नाही. मग मी कशाला याच्या मागे लागू?" लोक मात्र लागायचे. नवरीला हिरवा चुडा भरायला आलेल्या बायका हळूच मावशीला म्हणायच्या, "तुम्हीच भरा हो, पोरगी नको." वैभवी निमूट बाजूला व्हायची आणि मापाच्या बांगड्या काढून आईच्या हातात द्यायची. असल्या बायकांशी मी दोनदा कडाकडा भांडलेय. वैभवी एकदाही भांडली नाही.

आणि खरं सांगते, मला तिचे डाग दिसायचेच बंद झाले होते. रोज सकाळी चहाला समोर बसणारा चेहरा तो. यंत्राची परीक्षा घ्यायला अवघड चेहरे शोधून काढायचे असं मी ठरवलं असतं, तरी तिचा आठवला नसता. लोकांना वाटेल हे प्रेमापोटी झालं. असेलही, पण त्यानं चूक काही छोटी होत नाही.

मंडळात नाव घालायचं ठरलं तेव्हा मावशी तिला म्हणाली, "जरा पावडर लावून काढ गं फोटो. नाहीतर शशीला सांग, तो कॉम्प्युटरवर करून देतो." शशिकांत हा आमच्या गल्लीतला फोटोवाला, आम्ही त्याला शशीकाका म्हणतो. वैभवी म्हणाली, "मी उन्हात उभी राहणार. ज्याला दिसायचंय त्याला आधीच दिसू दे." लग्नाच्या साइटवर यंत्रानं सुंदर केलेला फोटो टाकणं ही आता कायद्यानं फसवणूक झाली होती. फोटोखाली सही करून लिहून द्यावं लागायचं, 'यात कोणताही बदल केलेला नाही.' वैभवीनं दोन्ही हात भरून बांगड्या घातल्या, तोंडावर ऊन घेतलं, शशीकाकाकडून फोटो काढून घेतला, सही केली आणि त्याच्याच कॉम्प्युटरवरून स्वतः चढवला. मी पान उघडून बघितलं. जसाच्या तसा होता. तो असणारच होता, कारण पहिले पंधरा दिवस यंत्र मूळ फोटोच दाखवतं. बीज करतं ते त्यानंतर.

पुढच्या महिन्याभरात तिला तीन स्थळं आली.

मावशी हरखून गेली. वैभवी दुपारी वर आली आणि माझ्या खुर्चीत मांडी घालून बसली.

"ताई, जग बदललं की गं."

"ते कसं काय?"

"तिघांनी फोन केले. तिघांनीही डागांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मी वाट बघत होते, आता विचारतील, मग विचारतील. विचारलंच नाही कुणी." ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. "मला वाटायचं लोक वाईट. लोक नसतात गं वाईट. मीच उगाच मनात धरून बसले होते."

"मी सांगत नव्हते?" मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता. आपल्या साइटमुळं हे जमतंय, याचा थोडा तोराही चढला होता. त्या दिवशी मी भेळ मागवली.

तिघांतलं एक स्थळ विट्याचं, डांगऱ्यांचं. मुलगा सौमित्र, द्राक्षबागांतली ठिबक यंत्रणा दुरुस्त करणारा. घर जुन्या वळणाचं, व्हिडिओवर मुलगी बघणं त्यांना पटत नव्हतं. रविवारी सकाळी तो, त्याचे आईवडील आणि आत्या असे चौघं आले. मीही खाली होते. वैभवी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली आणि बोलणं मध्येच थांबलं.

आत्याबाईंनी पर्समधून फोन काढला. फोनकडे बघितलं, वैभवीकडे बघितलं, पुन्हा फोनकडे.

"हे फोटोत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"आहे की," मावशी म्हणाली. "उन्हातला फोटो आहे. सगळं स्वच्छ दिसतंय."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? हा घ्या फोन."

फोन मावशीकडून वैभवीकडे गेला. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. तीच साडी, त्याच बांगड्या, तेच ऊन, कपाळावर आलेली तीच बट. पण ओठांभोवतीची कातडी एकसारखी गव्हाळ. डोळ्याखाली काही नाही. हात तर एखाद्या जाहिरातीतले असावेत तसे.

"ही कोण?" वैभवीनं विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. ती त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं फोन परत दिला.

"खाली सही केलीय तुम्ही," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त लागलं. "डाग आहेत म्हणून सांगितलं असतं तर कदाचित आलो नसतो. कदाचित आलोही असतो. पण निदान माणसं खरी आहेत, असं तरी म्हटलं असतं."

"आत्या, पुरे," सौमित्र म्हणाला. बाकी तो काही बोलला नाही. पोहे तसेच राहिले.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मंडळाच्या ग्रुपवर होती. आत्याबाईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या, पण वाचणाऱ्यांनी पदरच्या वीस घातल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. आप्पांचा मावशीला फोन आला, "पुढच्या रविवारी सभा आहे. त्याच्या आत विट्याला जाऊन माफी मागून या. नाहीतर मुलीचं नाव मंडळातून काढावं लागेल, आणि मग कुठलंच मंडळ घेणार नाही."

सोमवारी सकाळी वैभवी चहाला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"ताई, हे झालं कसं? तुझ्याकडे कळेल ना?"

"त्यांच्या फोनमध्येच असेल एखादं सुंदर करणारं ॲप," मी म्हटलं. "असतात तसली." अजून मी काही बघितलंही नव्हतं. गिऱ्हाइकानं तक्रार केली की पहिलं वाक्य तोंडातून असंच जातं.

"आणि आईनं तो फोटो तिच्या फोनमध्ये ठेवलाय," ती म्हणाली. "काल दोनदा उघडून बघत होती. मला म्हणते, राहू दे की तसाच, किती गोड दिसतीस." चहा अर्धा टाकून ती दुकान उघडायला गेली.

मंगळवारी मी बीजांची नोंद उघडली.

वैभवीच्या फोटोपुढं अकरा दोष लिहिलेले होते. अकराही दुरुस्त. उन्हाची तिरीप, छपाईतला रंग उडालेला, काचेवरचा डाग, अशी त्यांची नावं. यंत्र बिघडलं म्हणावं तर तसंही नाही. त्यानं बघितलेल्या कोट्यवधी फोटोंत कातडीवरचा पांढरा ठिपका बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नाहीतर कागदाचाच दोष होता. कोड असलेली माणसं फोटो काढून घेतातच किती, आणि काढलेले जगापुढं ठेवतात किती? यंत्र शिकलं होतं तेवढ्यावरून त्याच्या लेखी असा चेहरा नव्हताच. तीनवर त्यानं शंका घेतली असती आणि डाग ठेवले असते. सातावर त्यानं शंका घेतली नाही. आणि सात हा आकडा मी माझ्या हातानं टाकला होता.

मग मी मंडळाची जुनी छापील परिचय पुस्तिका घेऊन बसले आणि एकेक चेहरा साइटवरच्या चेहऱ्याशी ताडून बघत गेले. एकाचा तिरळा डोळा सरळ झाला होता. एकीच्या गालावरचा भाजल्याचा व्रण गेला होता. एकाच्या दुभंगलेल्या ओठाची शिवण नाहीशी झाली होती. दुपारपर्यंत असे बदललेले चेहरे शंभराच्या वर गेले, तेव्हा मी पुस्तिका मिटली.

त्या वेळी उठून खाली जायचं होतं. अठरा पायऱ्या. वैभवीला सांगायचं, तुझं काही चुकलेलं नाही, माझं चुकलंय. पण रविवारच्या सभेला आठ जिल्ह्यांचे लोक येणार होते, माझ्या साइटचं ठरवायला. मी स्वतःशी म्हटलं, रविवार होऊ दे. शशीकाकाकडे मूळ फोटो असेल, तो शून्यावर चढवू, मग सगळ्यांना शांतपणे समजावून सांगू. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. वैभवी सोशीक आहे, सोसेल. हे शेवटचं वाक्य मी खरंच मनात म्हटलं. आता आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

बुधवारी ती चहाला आली. "कळलं का काही?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बघतेय." गुरुवारी तिनं विचारलं नाही. शुक्रवारी ती आली नाही. मला हायसं वाटलं.

शनिवारी मावशी धापा टाकत वर आली आणि पाण्याचा अख्खा तांब्या प्यायली.

"काल विट्याला जाऊन आलो," ती म्हणाली. "ही पोरगी म्हणजे ना, मृणाल, डोक्यावर हात मारून घ्यावा. मी वाटेत शंभरदा सांगितलं, शशीनं केलं म्हण. त्याच्याकडून चुकून झालं म्हण, संपलं. तर ही तिथं उभी राहून म्हणते, मीच बदलला फोटो, माझी चूक झाली, मला माफ करा. हात जोडले गं तिनं त्या बाईपुढं."

"पण का?"

"म्हणे मी नाही म्हटलं तरी संशय शशीकाकावरच जाणार, अन् त्याचं दुकान बसेल. लग्नाच्या फोटोंवर त्याचं पोट आहे. आपल्या अब्रूपायी त्याचं पोट कशाला मारायचं? बघ आता. इथं आपलं तारू बुडतंय, अन् हिला शशीची काळजी."

मावशी खाली गेली. मी एसीचा आवाज ऐकत बसून राहिले. त्या पोरीनं दुसऱ्याचं दुकान वाचवायला स्वतःला खोटं ठरवून घेतलं होतं. मी माझं दुकान वाचवायला तिला खोटं ठरू दिलं होतं. आम्ही दोघी एकाच आजीच्या नाती. रविवारी सभेत सगळं सांगून टाकायचं, हे मी तेव्हा ठरवलं. तरीही खाली जाऊन तिला आधी सांगायचं धाडस झालं नाही.

सभा मंगल कार्यालयात होती, शे-सव्वाशे माणसं. वैभवी मावशीबरोबर मागच्या रांगेत बसली होती. माझी पाळी आली तशी मी भिंतीवरच्या पडद्यावर तिचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. एक शशीकाकाकडून आणलेला मूळ, एक साइटवरचा.

"वैभवी काटकरनं फोटो बदललेला नाही," मी म्हटलं. "तो माझ्या यंत्रानं बदलला. ती डांगऱ्यांच्या घरी जे बोलली, ते दुसऱ्यावर आळ येऊ नये म्हणून बोलली. खोटी ती नाही. चूक माझी आहे." मग सगळं सांगितलं. बीज, फरक, सात आकडा.

मग एकानं फोन काढला, मग दुसऱ्यानं. हळूहळू अख्खं कार्यालय माना खाली घालून आपापल्या मुलामुलींचे फोटो बघायला लागलं. मी वाट बघत होते, आता पहिली शिवी येईल.

"अहो, मग बिघडलं कुठं?" मधल्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले. "आमच्या मुलीला दोन महिन्यांत सहा स्थळं आलीत. आधी वर्षभर एक नव्हतं."

"प्रत्यक्ष भेटल्यावर कळतंच की सगळं," एक बाई म्हणाल्या. "निदान दारापर्यंत तरी येतात लोक."

"पण खाली तुमच्या सह्या आहेत," मी म्हटलं. "बदल केलेला नाही म्हणून."

"सही आम्ही मूळ फोटोवर केलीय," आप्पा म्हणाले. ते अजून स्वतःच्या फोनकडेच बघत होते. त्यांच्या धाकट्याचा डोळा तिरळा आहे. साइटवर नव्हता. "पुढं यंत्रानं काय केलं, त्याला आपण काय करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, मृणाल. तू कशाला उघडतेस?"

"मी आकडा शून्यावर नेणार आहे, आप्पा. मूळ फोटो सगळ्यांनी पुन्हा चढवायचे."

"ने. मग आम्ही दुसरीकडे जाऊ. हे यंत्र तुझ्या एकटीकडेच थोडंच आहे?"

मी पडद्याकडे बघितलं, आठ जिल्ह्यांच्या माणसांकडे बघितलं, आणि गप्प बसले. ठराव झाला. वैभवी काटकर हिचा काही दोष नाही, मंडळ दिलगीर आहे. तिचा फोटो मूळ रूपात परत लावावा. बाकीचे आहेत तसे राहू द्यावेत. आठही मंडळं कृष्णाकाठकडे यावीत. टाळ्या पडल्या. म्हणजे सहाशे चेहऱ्यांत यंत्राचा हात न लागलेला चेहरा तिचा एकटीचाच राहणार होता, आणि तो शेजारच्या गुळगुळीत चेहऱ्यांत आणखी उठून दिसणार होता. हे मला टाळ्या वाजत असताना उमगलं.

मावशी बायकांच्या घोळक्यात अडकली. आम्ही दोघी चालत घरी निघालो. दुपारचं ऊन होतं, बाजारपेठ बंद होती.

"बरं बोललीस," वैभवी म्हणाली.

"आधीच बोलायला हवं होतं."

थोडं पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "ताई, तुला कळलं कधी?"

'काल' म्हणता आलं असतं. शब्द तोंडात आला होता. माझ्या नोंदी माझ्याशिवाय कोण उघडणार होतं?

"मंगळवारी," मी म्हटलं.

ती चालत राहिली. चाल हळू झाली नाही की जोरात झाली नाही.

"मी शुक्रवारी गेले विट्याला."

"माहीत आहे मला."

"तुला सगळं माहीत नाही. निघताना सौमित्र फाटकापर्यंत आला होता. आई रिक्षात बसली होती. तो म्हणाला, डागांचं मला काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मोठ्यांपुढं गप्प बसलो ते चुकलं. तुम्ही खरंच फोटो बदललात का, एवढंच सांगा. नाही म्हणालात तर मी घरात बोलतो."

"मग?"

"मी म्हटलं, हो, मीच बदलला. शशीकाकाचं नाव यायला नको होतं मला. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं असं मला काही माहीतच नव्हतं." तिनं पदरानं तोंडावरचा घाम पुसला. "त्यानं मान हलवली आणि आत गेला."

मी फोन काढला. "मी आत्ता फोन करते त्याला. सगळं सांगते. पाया पडते हवं तर."

"काय सांगशील? फोटो खरा होता, पण मी त्याच्या तोंडावर खोटं बोलले, हे?" ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं. "आयुष्यात कधी स्वतःबद्दल खोटं बोलले नव्हते, ताई. पावडरसुद्धा लावली नाही. पहिल्यांदा बोलले, तेही नेमकं त्याच्याशी."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो झटकला नाही, नुसता काढून घेतला.

दुकानापाशी आल्यावर तिनं कुलूप उघडून दार लोटलं. मी सवयीनं तिच्या मागोमाग आत शिरले आणि आतल्या जिन्याकडे वळले. लहानपणापासून मी त्याच जिन्यानं वर जाते.

"ताई," ती म्हणाली, "तू बाहेरच्या जिन्यानं जात जा."

बाहेरचा जिना मी गिऱ्हाइकांसाठी बसवून घेतला होता.